हिरव्या डबीतली लाल तार

"वहिनी, ह्या डबीचा नट बाहेरून आवळत जाऊ नका," भाऊजी म्हणाले होते. "सैल वाटला तर मला हाक मारा. आतून धरून आवळावा लागतो."

मी कडेवर चिमी आणि हातात पक्कड घेऊन उभी होते. म्हटलं, "नट आवळायला कसलं आलंय आत नि बाहेर? घट्ट बसला की झालं."

ते हसले आणि गिटार घेऊन मागच्या खोलीत गेले. एकच गोष्ट दोनदा सांगायचा त्यांचा स्वभाव नाही. मी पक्कड स्वयंपाकघरातल्या वरच्या खणात, चिमीच्या हाताला कधीच लागणार नाही अशी ठेवली आणि ते बोलणं कानाआड केलं.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. चिमी पोटात होती तेव्हा ते आमच्याकडे राहायला आले. त्याआधी अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. तिथे त्यांनी दुरुस्त केलेला एक मोठा सेट पुन्हा पुन्हा बिघडून परत आला आणि मालकाने सगळ्यांदेखत सांगितलं, "तुझ्या हाताचा भरवसा नाही." दुसऱ्या कुणी ते हसण्यावारी नेलं असतं, नाहीतर मालकाला चार शब्द सुनावले असते. भाऊजींनी ते वाक्य खरं मानलं. आमचा मिक्सर बिघडला तेव्हा नवरा म्हणाला, "छोट्या, बघ ना जरा." तर म्हणे, "दुकानात दे, दादा. माझ्या हातून बिघडायचा." बिघडलेला मिक्सर आणखी काय बिघडणार होता! पण त्यांनी हात लावला नाही.

मग चिमी झाली. घरात रात्रंदिवस रडणं, दूध, लंगोट. त्या गोंधळात कधीतरी भाऊजींनी स्वतःची हत्यारांची पेटी उघडली आणि एक पेडल करायला घेतलं. पेडल म्हणजे साबणाच्या डबीहून थोडी मोठी, धातूची डबी. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने निघून स्पीकरकडे जाते. मधलं बटण पायाने दाबलं की गिटारचा आवाज बदलतो. कधी भरड होतो, कधी विहिरीतून आल्यासारखा घुमतो. वायर जिथे खुपसायची त्या भोकाला जॅक म्हणतात. जॅकचा मुख्य भाग डबीच्या आत असतो, त्याचं छोटं नळकांडं बाहेर डोकावतं आणि त्यावर एक नट बसतो. हे सगळं भाऊजींनीच मला सांगितलं होतं. खिडक्यांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट त्यांनी डबीला दिला. रंगाचा एक ओघळ कोपऱ्यावर तसाच वाळला.

"हा जोड बघा, वहिनी," तार चिकटवायला वितळवलेल्या सोल्डरचा एक थेंब दाखवत ते म्हणाले. "चकाकतोय ना? मळकट दिसला तर समजायचं, कच्चा आहे."

किती महिन्यांनी ते स्वतःच्या हाताबद्दल काही बरं बोलत होते. आणि मी काय बघत होते? धूर. "ह्या धुरात शिसं असतं ना, भाऊजी? बाळ आहे घरात."

"बरोबर आहे तुमचं," ते लगेच म्हणाले. तेव्हापासून सोल्डरिंगचं सगळं सामान मागच्या गॅलरीत गेलं. थंडीतसुद्धा ते तिथेच बसायचे आणि आत आल्यावर, चिमीला घेण्याआधी, डॉक्टरसारखे कोपरापर्यंत हात धुवायचे. धूर खोलीत येतोय असं नुसतं वाटलं तरी मी चिमीला उचलून जिन्यात जाऊन उभी राहायचे. नवरा म्हणायचा, "एक दिवस तू ह्या घरालाच सील ठोकणार आहेस."

तो हसायचा, पण रांगणारं बाळ त्याने दिवसभर एकट्याने सांभाळलेलं नाही. बाळ रांगायला लागलं की घरातली जमीन आईला पाठ होते. शर्टाचं बटण, पेनाचं टोपण, बाटलीच्या झाकणाची कडी, सगळं मी चिमीच्या मुठीतून किंवा थेट तोंडातून काढलेलं आहे. एका सकाळी पुढच्या खोलीत भाऊजींची हिरवी डबी पडली होती आणि तिच्या शेजारी, फरशीवर, जॅकचा नट. रोज वायर घालून-काढून तो सैल व्हायचा, त्या दिवशी निघूनच पडला होता. चिमी हातभर अंतरावर होती आणि तिची नजर माझ्याआधी तिथे पोचली होती. मी झडप घातली. 

त्या दिवसापासून डबी जमिनीवर दिसली की मी पक्कड काढायचे. "आतून धरून" वगैरे भाऊजी म्हणाले ते त्याच सुमाराला. पण त्यांना हाक मारायची म्हणजे ते डबी उघडणार, स्क्रू काढणार, ते जमिनीवर ठेवणार. त्यापेक्षा आपण आवळून टाकलेलं बरं. कधीकधी नटाबरोबर मधलं नळकांडंही फिरायचं. मला ते दिसायचं. मला वाटायचं, फिरतंय म्हणजे अजून सैल आहे. मग आणखी जोर लावायचे.

इकडे भाऊजींची गाडी रुळावर येत होती. हिरव्या डबीचा आवाज ऐकून एक ड्रमवाला मित्र स्वतःचं बंद पडलेलं पेडल घेऊन आला. ते चालू झालं तशी त्याची मित्रमंडळी यायला लागली. घरात लहान मूल म्हणून सगळे बिचारे बूट हातात घेऊन, चोरपावलांनी मागच्या खोलीत जायचे. मग ड्रमवाला म्हणाला, आमच्याबरोबर वाजवतोस का? एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला होता. भाऊजींनी आरशासमोर तीन शर्ट घालून पाहिले आणि शेवटी रोजचाच घातला.

"वहिनी, येणार ना?"

"चिमीच्या कानाला आवाज सोसला तर येईन. दाराशीच उभी राहीन."

दाराशी उभी होते म्हणून मला सगळं नीट दिसलं. पहिलं गाणं छान चाललं होतं. गाणारी मुलगी बाजूला सरकली, आता एकट्या गिटारने वाजायचं होतं. भाऊजींनी पायाने बटण दाबलं आणि आवाज गेला. नुसता गेला. बोटं तारांवर चालतायत, मान डोलतेय आणि आवाज नाही. त्यांनी पुन्हा पाय मारला. पुन्हा. एकदा खर्रकन फटाक्यासारखा आवाज आला आणि पुन्हा सामसूम. पुढच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "झुरळ मारतोय का रे तो?" आणि हशा पिकला. गाणारी मुलगी वाकली, वायर डबीतून काढून सरळ अँप्लिफायरला लावली. आवाज आला.  पण उरलेली गाणी भाऊजींनी खाली मान घालून, निम्मे सूर गाळत वाजवली.

तो खर्र आवाज ऐकला तेव्हाच मला अंदाज आला होता. पक्कड डोळ्यांसमोर आली, नटाबरोबर फिरणारं ते नळकांडं आलं. आणि तरीही परतताना गाडीत मी काय म्हणाले? "निघण्याआधी एकदा तपासून घ्यायचं होतं ना, भाऊजी. एवढे लोक येणार म्हटल्यावर."

नवरा वळून माझ्याकडे बघायला लागला. भाऊजी म्हणाले, "हो. चुकलंच माझं."

ते वाक्य आठवलं की आजही मी भांडी घासता घासता थांबते.

पुढचे काही दिवस त्यांनी डबीकडे पाहिलं नाही. ती पिशवीतच पडून होती. एका सुट्टीच्या सकाळी, लोकांची दुरुस्तीला आलेली पेडलं पिशवीत भरून ते निघाले. "एकेकाचं परत देऊन येतो," म्हणाले. दुरुस्त झाली का, असं मी विचारलं नाही. एकही उघडलेलं नव्हतं, ते मला दिसत होतं. नवरा चिमीला घेऊन बागेत गेला आणि घर रिकामं झालं.

मी हिरवी डबी काढली. मागच्या झाकणाचे चारही स्क्रू काढून वाटीत ठेवले, सवयीने वाटीवर ताटली झाकली. झाकण उचललं.

बाळाच्या बोटाला आईचा लांब केस गुंडाळला जातो, ते तुम्ही पाहिलंय का? मोज्याच्या आत, कुणाला न दिसता, पीळ बसत जातो आणि बोट काळंनिळं पडतं. ह्या एका भीतीने मी चिमीचे मोजे रोज उलटे करून बघायचे. डबीच्या आत तसंच झालं होतं. मी बाहेरून नट फिरवत गेले तसा आतला जॅकही फिरत गेला होता आणि त्याच्या तारा त्याच्याभोवती पिळत गेल्या होत्या. काळी तार कशीबशी तग धरून होती. पांढरी तुटली होती.

आणि भाऊजींचा जोड? जॅकच्या पत्र्यावर तो सोल्डरचा थेंब तसाच होता, चकचकीत. तो सुटलेला नव्हता. तार तुटली होती ती जोडाच्या शेजारी, पिळाने. म्हणजे त्यांच्या हाताने केलेलं काम शेवटपर्यंत टिकलं होतं. न टिकणारं जे केलं, ते मी.

झाकण तसंच उघडं ठेवून मी ते परत यायची वाट बघायला हवी होती. हे बघा, हे मी केलं, एवढं म्हणायचं होतं. त्याऐवजी मी गॅलरीत गेले आणि त्यांची सोल्डरिंगची कांडी प्लगला लावली.

कॉलेजात प्रॅक्टिकलला एकदा सोल्डरिंग होतं. खरं तर माझ्या जोडीदारणीने केलं आणि मी नुसतं धरलं होतं. तेवढ्या शिदोरीवर मी बसले. आधी जॅक उलटा फिरवून सरळ केला. पीळ सुटला, पण पांढरी तार तुटून आखूड झाली होती, पत्र्यापर्यंत पोचेना. दुसरी तार हवी होती. कपाटावर चिमीचं एक गाणारं बदक होतं. त्याच्या बॅटरीच्या झाकणाचा स्क्रू हरवला म्हणून मी ते कधीच तिच्या नजरेआड केलं होतं. त्याचं पोट उघडलं आणि आतली लाल तार बोटभर कापून घेतली. तिचं एक टोक उरलेल्या पांढऱ्या तारेला पिळून जोडलं, दुसरं भाऊजींच्या थेंबाला न शिवता, त्याच्या शेजारी पत्र्यावर टेकवलं.

पहिला थेंब गोळी होऊन घरंगळला आणि माझ्या गाऊनला भोक पाडून गेला. दुसरा चिकटला, पण राखाडी, ओबडधोबड, भिंतीवर पालीने घाण करावी तसा. धूर थेट तोंडावर येत होता आणि मी हलले नाही. शेवटी बोट आत घालून जॅक धरला आणि बाहेरून नट फिरवला. एकदाच फिरवला आणि गप्प बसला. इतकं सोपं होतं ते.

डबी बंद केली, पिशवीत होती तशी ठेवली. कांडी थंड करून जागच्या जागी ठेवली. बदक पुन्हा कपाटावर. मी ठरवलं होतं, डबी वाजली की विषय मिटेल, कुणाला काही सांगायलाच नको. किती सोयीचा विचार!

संध्याकाळी नवऱ्याने विषय काढलाच. "छोट्या, एकदा लावून तर बघ. कुठे गेलं होतं ते कारण तरी कळेल."

"नको रे, दादा."

"लाव म्हणतो ना. मला शिकव. मी धरतो, तू सांग."

नाइलाजाने भाऊजींनी डबी जोडली, बटण दाबलं, तार छेडली. आवाज आला. भरड, घुमणारा, स्वच्छ. चिमीने टाळ्या वाजवल्या.

"अरे वा! चालतंय की झकास!" नवरा म्हणाला.

भाऊजींनी वायर हलवून पाहिली. डबीवर टिचकी मारली. बटण कितीदा तरी दाबलं. आवाज काही तुटेना. त्यांचा चेहरा उजळेल म्हणून मी वाट बघत होते. तो उतरत गेला.

"म्हणजे डबीला काही झालंच नव्हतं," ते म्हणाले.

"मग त्या दिवशी काय झालं?"

"त्या दिवशी मीच. वायर नीट खुपसली नसेल. घाबरलो असेन." त्यांनी गिटार मांडीवरून बाजूला ठेवली आणि स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "मालक खोटं नव्हते बोलले."

मी चिमीला भरवत होते. चमचा तिच्या तोंडाशी नेला तो तिथेच राहिला, तिने मान फिरवली तरी. सांगायचं ते तोंडात तयार होतं. पण नवरा समोर बसला होता. गाडीत मी जे बोलले ते त्याने ऐकलं होतं आणि त्या नजरेने तो पुन्हा माझ्याकडे बघेल, ते मला नको होतं. एवढ्यासाठी. मी चिमीचं तोंड पुसलं, खरं तर ते पुसायची गरज नव्हती, आणि उठून आत गेले.

बिघडलेल्या डबीने त्यांच्याकडे निदान एक कारण ठेवलं होतं. मी गुपचूप दुरुस्त करून तेही काढून घेतलं.

त्यानंतर त्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका मालाच्या गोदामात काम बघितलं. खोकी उचलायची आणि ठेवायची. "त्यात बिघडण्यासारखं काही नसतं, वहिनी," ते म्हणाले. गिटार ड्रमवाल्याला दिली. हिरवी डबी मात्र टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातली. "ही राहू दे. हातची आहे."

जायच्या दिवशी, नवरा खाली गाडी थांबवायला गेला तेव्हा, मी दारातच त्यांना सगळं सांगितलं. पक्कड, पिळलेल्या तारा, बदक, सगळं एका दमात. बॅग खांद्यावर घेऊन ते ऐकत होते. मग हसायला लागले. कितीतरी दिवसांनी हसले.

"तुम्ही? सोल्डरिंग?"

"अहो, खरंच सांगतेय."

"धूर दिसला की पोरीला घेऊन जिन्यात पळणाऱ्या तुम्ही? आणि बदकाची तार?" त्यांनी डोळे पुसले. "रचायला मात्र तुमच्याकडून शिकावं."

"उघडून बघा ना. आत्ता. चार तर स्क्रू आहेत."

खालून हॉर्न वाजला. त्यांनी चिमीच्या डोक्यावर हात ठेवला. "गाडी सुटेल, वहिनी. माझ्यासाठी एवढं करता तुम्ही लोक, मला कळतं ते. किती जपता माणसाला."

ते जिना उतरून गेले आणि मी तिथेच, चौकटीला धरून, उभी. मला आयुष्यात कुणी शिव्या दिल्या नाहीत असं नाही, पण त्या एका वाक्याने मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेळेवर सांगितलं असतं तर ती कबुली झाली असती. उशिरा सांगितलं, तर ती माझी माया ठरली.

नवऱ्याला मी त्याच दिवशी सांगितलं. त्याने कपाटावरचं बदक काढलं, त्याच्या कापलेल्या तारेकडे बघितलं. मला वाटलं, ओरडेल. तो म्हणाला, "गाडीत तरी गप्प बसायचं होतंस." मग त्याने भाऊजींना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "दादा, तुलाही पढवलं का वहिनींनी? सांग त्यांना, मी अगदी ठीक आहे." मी बदकाचा फोटो पाठवला. त्यावर आधी हसरा चेहरा आला, नंतर अंगठा.

आता नुसता अंगठाच येतो. काय जेवलात, अंगठा. तब्येत कशी आहे, अंगठा. मधे नवरा गोदामात जाऊन आला, तर ते तिथलं काम केव्हाच सोडून गेले होते. आता कुठे राहतात ते सांगत नाहीत. "सेटल झालो की कळवतो," एवढंच. फोन उचलतात तेव्हा चिमीला बोलायला लावतात आणि स्वतः ऐकत राहतात. मागे काही वाजत असतं का, ते मी कान देऊन ऐकते. काही वाजत नसतं.

म्हणून हे तुमच्यासमोर मांडतेय. तुमच्या जिन्यावर, तुमच्या कामावर, शेजारच्या भाड्याच्या खोलीत असा कुणी नवा माणूस आलाय का, जरा बघा. उंच आहेत, दारातून जाताना सवयीने वाकतात. लहान मुलाला घेण्याआधी कोपरापर्यंत हात धुतात. मिक्सर, रेडिओ, काहीही दुरुस्त करता का विचारलंत तर म्हणतील, माझ्या हातून बिघडायचं. ते ऐकलंत की समजा, तेच आमचे भाऊजी.

ते कसे आहेत, जेवतात का, ते बघा. विचारलंत तर ठीक आहे म्हणतील, तेव्हा विचारू नका, नुसतं बघा. आणि त्यांना टॉवेलातली हिरवी डबी काढायला लावा. मी सांगितलं असं म्हणू नका, माझ्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. मागचे चार स्क्रू तुम्हीच काढा, त्यांच्यासमोर. आत तांबड्या रंगाची एक बोटभर तार दिसेल, तिला राखाडी, गचाळ जोड असेल. तो माझा. आणि त्याच्या शेजारी एक चकाकणारा थेंब असेल.

तो त्यांना दाखवा.